सुपरहिरोंचे सिनेमे आणि पुस्तकांवरचे सिनेमे : एका साध्या प्रेक्षकाचं मत

मधल्या_रांगेतली

मी समीक्षक नाही आणि कॉमिक्स वाचत मोठी झालेली पण नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा सिनेमा थेटरात बघते. मुलगा आठवीत आहे त्यामुळे सुपरहिरोवाले त्याच्याबरोबर बघितले जातात, आणि पुस्तकांवरचे मी माझ्या हौसेने बघते. दोन्ही प्रकारचे बरेच बघून झाल्यावर एक गोष्ट सारखी डोक्यात येतेय ती इथे मांडते, कारण इथे वाचणारे आणि बघणारे दोन्ही आहेत.

मला वाटतं हे दोन्ही एकाच जातीचे सिनेमे आहेत. सुपरहिरोचा सिनेमा म्हणजे सुद्धा शेवटी पुस्तकावरून केलेलाच, फक्त ते पुस्तक साठ-ऐंशी वर्षं चालू असलेलं कॉमिक असतं. त्यामुळे दोघांपुढे प्रश्न एकच, एवढ्या मोठ्या ऐवजातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं. ज्यांना सोडता येतं त्यांचा सिनेमा जमतो.

आठवत असेल, १४ फेब्रुवारी २०२५ ला एकाच दिवशी 'छावा' आणि 'कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' लागले. आम्ही दोन्ही बघितले. आता कॅप्टन अमेरिका समजायला आधी काय काय बघितलेलं पाहिजे बघा. २००८ चा 'द इन्क्रेडिबल हल्क', कारण यात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला रॉस आणि तो हिरवट डोक्याचा खलनायक दोघेही तिथले (आणि रॉसचं काम करणारे विल्यम हर्ट २०२२ मध्ये गेले म्हणून आता तिथे हॅरिसन फोर्ड, म्हणजे चेहराही ओळखीचा नाही). २०२१ चा 'इटर्नल्स', कारण समुद्रातून वर आलेला तो प्रचंड दगडी देह त्यातला आणि सगळे देश भांडतायत ते त्याच्यातल्या धातूवरून. शिवाय नवा कॅप्टन अमेरिका झालेल्या सॅमने ती ढाल कशी स्वीकारली आणि आयझाया ब्रॅडली कोण, हे सगळं एका सिरीजमध्ये. मुलगा शेजारून कानात सांगत होता म्हणून मला कळलं, पण माझ्या पलीकडच्या काकांना कोण सांगणार? तिकीट त्यांनी पण तेवढंच काढलंय ना. २०२३ च्या 'द मार्व्हल्स'चं पण तेच, त्यातली कमला खान इतकी गोड मुलगी आहे, इमान वेलानीने जीव ओतून काम केलंय, पण तिची आणि मोनिकाची ओळख दोन वेगळ्या सिरीजमध्ये करून दिलेली, मग ज्याने त्या बघितल्या नाहीत त्याला कॅप्टन मार्व्हलसकट तिघी एकत्र आल्याचा आनंद कसा होणार.

याच्या उलट जुलै २०२५ चा जेम्स गनचा 'सुपरमॅन'. क्रिप्टॉन ग्रह फुटला, बाळ यानातून आलं, शेतकरी जोडप्याने वाढवलं हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, तर त्याने ते सगळं चार ओळींत उरकलं आणि पहिल्याच सीनमध्ये सुपरमॅन हरून बर्फात येऊन पडतो. मला फार आवडलं हे. आणि त्यातून वाचवलेला वेळ त्याने कुठे घातला तर त्याची पत्रकार मैत्रीण लोइस त्याची मुलाखत घेते त्या सीनमध्ये. घरातल्या घरात, जेवणाच्या वेळी, दोन माणसं समोरासमोर, आणि ती विचारते की तू एका देशाच्या युद्धात मध्ये पडलास ते कोणाला विचारून, आणि तो चिडतो, लोक मरत होते म्हणतो. एकही इमारत पडत नाही आणि तरी तो त्या सिनेमातला सगळ्यात ताणलेला प्रसंग आहे. आणि ती खार! एवढा राक्षसी प्राणी शहरात धुमाकूळ घालतोय आणि हा मधेच एक खार उचलून बाजूला नेऊन ठेवतो. सुपरमॅन कोण आहे ते तेवढ्यात कळतं.

'थंडरबोल्ट्स' पण असाच अनपेक्षित आवडला. त्याला जुने संदर्भ आहेत, नाही असं नाही, पण मुळात ती नैराश्याची गोष्ट आहे. बॉब नावाचा मुलगा, ज्याच्याकडे अफाट शक्ती आहे आणि ज्याला स्वतःबद्दल काहीच चांगलं वाटत नाही, आणि शेवटी त्याला हरवत नाहीत, सगळे जाऊन मिठी मारतात. सुपरहिरोच्या सिनेमाचा शेवट ठोसाठोशी न करता करायची हिंमत दाखवली, याचं मला खरंच कौतुक आहे. घरी येताना मुलगा बराच वेळ गप्प होता आणि मग आपणहून बोलला, ते काय बोलला ते इथे लिहीत नाही, पण आमच्यात एक विषय उघडला.

आता पुस्तकांकडे. 'ड्यून'चे दोन्ही भाग (२०२१ आणि २०२४) बघितले, पुस्तक पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या काळात वाचलं. फ्रँक हर्बर्टचं पुस्तक १९६५ चं, जाडजूड, शेवटी परिशिष्टं आणि शब्दार्थ. दुसऱ्या भागात दिग्दर्शक व्हिलनव्हने मोठे बदल केलेत. पुस्तकात मधे काही वर्षं जातात, नायक पॉलची बहीण आलिया जन्मते, लहान वयात मोठ्यांसारखं बोलते, इतकंच नाही तर खलनायक बॅरनला तीच मारते. सिनेमात ती जन्मतच नाही, पोटातूनच बोलते, आणि बॅरनला पॉल मारतो. आणि पॉलची प्रेयसी चानी! पुस्तकातली चानी शेवटपर्यंत पॉलच्या बाजूने, सिनेमातली चानी त्याला देव मानायला नकार देते आणि सगळे गुडघे टेकतात तेव्हा पाठ फिरवून निघून जाते. पुस्तकवाले यावर खूप चिडले. मला वाटतं हाच बदल बरोबर आहे. हर्बर्टला सांगायचंच हे होतं की तारणहार नेत्याच्या मागे डोळे मिटून जाऊ नका, पण पुस्तकात ते पॉलच्या मनातल्या विचारांतून कळतं आणि पडद्यावर मनातले विचार दाखवायचे कसे? मग ती शंका त्याने चानीच्या चेहऱ्यावर दिली. प्रसंग बदलला पण पुस्तकाचं म्हणणं जास्त स्पष्ट झालं.

आणि 'छावा'. शिवाजी सावंतांची कादंबरी मी कॉलेजात वाचली, नंतर परत वाचली. सिनेमा सुरू होतो तो थेट बुऱ्हाणपूरच्या स्वारीपासून, म्हणजे १६८१, शिवाजी महाराज गेल्यानंतर. विकी कौशलने काम मनापासून केलंय, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं थेटरात कोणी हललं नाही. पण कादंबरीतला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग म्हणजे शंभूराजांचं आधीचं आयुष्य, आईविना वाढलेलं पोर, आग्र्याची वाट, रायगडावरचे गृहकलह, आणि मुख्य म्हणजे ते मुघलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळतात तो काळ. तेवढा मोठा माणूस असा का वागला, परत आल्यावर वडिलांसमोर कसा उभा राहिला, यातूनच शेवटच्या चाळीस दिवसांतल्या त्या न वाकण्याला अर्थ येतो असं मला वाटतं. सिनेमाने नेमकं तेच सोडलं आणि लढाया ठेवल्या. शौर्य दिसलं, पण माणूस घडताना दिसला नाही.

तुम्हाला काय वाटतं? तुमची उदाहरणं द्या, मराठीतली पण द्या.

ढालतलवार

चांगला धागा. कॅप्टन अमेरिका वाईट होता याला पूर्ण सहमत, पण कारण पटलं नाही. आधीचं माहीत असावं लागतं हाच तर या सिनेमांचा आनंद आहे. 'अव्हेंजर्स : एंडगेम' हा मार्व्हलच्या या मालिकेतला बाविसावा सिनेमा होता. २०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही पहाटेचा शो बघितला, आणि सगळे पोर्टल्समधून परत येतात तेव्हा थेटरात जो आवाज झाला तो त्या आधीच्या अकरा वर्षांमुळे झाला. नवीन माणसाला तो सीन दाखवलात तर त्याला फक्त गर्दी दिसेल. मग एंडगेम वाईट का? लांबलचक गोष्ट क्रमशः वाचायची सवय आपल्याला नाही असं तर नाही, कल्कींची 'पोन्नियिन सेल्वन' १९५० पासून काही वर्षं साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि लोक आठवड्याची वाट बघायचे. सुपरहिरोंचं तेच आहे. माझी तक्रार वेगळी आहे, एंडगेमनंतर सिनेमे आणि सिरीज मिळून इतकं काही आलं की वाट बघायला वेळच उरला नाही.

मधल्या_रांगेतली

@ढालतलवार, एंडगेम मला पण आवडला होता आणि तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण एंडगेममध्ये सुद्धा बघा, तीन तासांचा सिनेमा, त्यातला पहिला तासभर जवळजवळ मारामारी नाही. हरलेली माणसं काय करतात, कोणी आधारगट चालवतो, थॉर घरात बसून पितो, टोनी मुलीला झोपवतो. ते समजायला आधीचं काहीच लागत नाही. आधीचं बघितलेल्याला जास्त मिळावं, ते ठीकच आहे, पण न बघितलेल्याला काहीतरी पूर्ण मिळालं पाहिजे. म्हणून मला २०२५ चाच 'फँटॅस्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स' आवडला, त्यांनी वेगळी पृथ्वीच घेतली, १९६० च्या दशकाच्या थाटाची, कोणाचा कोणाशी संबंध नाही, आणि प्रश्न एकच, आमचं बाळ दे नाहीतर पृथ्वी खातो. हे माझ्या सासूबाईंना पण कळलं आणि त्या व्हेनेसा कर्बीच्या बाजूने शेवटपर्यंत बसून होत्या.

मावळतीचा_घाट

छावाबद्दल जरा असहमत. शिवाजी सावंतांची कादंबरी केवढी, सिनेमा पावणेतीन तासांच्या आत. दिलेरखानाचा भाग घेतला असता तर तो अर्धा तास नीट घ्यावा लागला असता, घाईत दहा मिनिटांत उरकला असता तर नुसता गैरसमज झाला असता, आणि तुम्हाला माहीतच आहे आपल्याकडे काय होतं, नुसत्या लेझीमच्या सीनवरून वाद झाला आणि तो काढावा लागला. अशा वातावरणात दिग्दर्शक तो भाग घेणार कसा? मी शाळेत शिकवतो. सिनेमा आल्यानंतर जी मुलं कधी लायब्ररीकडे फिरकली नव्हती ती 'छावा' मागायला आली, आणि त्यातल्या दोघीतिघींनी येऊन विचारलं की सर, हे दिलेरखानाचं सिनेमात का नव्हतं. तासभर बोललो त्यावर वर्गात. माझ्यासाठी सिनेमाने काम केलं.

मधल्या_रांगेतली

सर, हे वाचून फार बरं वाटलं. मुलींनी तोच प्रश्न विचारला म्हणजे बघा, ती जागा रिकामी आहे हे त्यांनाही जाणवलं. वादाच्या भीतीचं तुम्ही म्हणता ते मान्य, ती भीती खरी आहे. पण मग मला असं वाटतं की ही गोष्ट सिनेमापेक्षा सिरीजमध्ये सांगायला हवी. आठ-दहा भाग घ्या, येसूबाईंना नीट जागा द्या. कादंबरीत येसूबाई कारभार बघतात, निर्णय घेतात, सिनेमात त्या बहुतेक वेळ वाट बघतात.

फिल्टरकापी

बंगळूरहून लिहितोय. सुपरहिरो म्हटल्यावर सगळे मार्व्हल आणि डीसीच काढतात, म्हणून दोन मल्याळम सिनेमांबद्दल लिहितो. एक २०२१ चा 'मिन्नल मुरली', बेसिल जोसेफचा. एका गावातल्या शिंप्यावर वीज पडते आणि त्याच वेळी त्याच गावातल्या आणखी एकावर पण पडते. तो दुसरा म्हणजे शिबू, गुरु सोमसुंदरमने केलेला, गावाने वेडा ठरवलेला माणूस, आयुष्यभर एकाच बाईवर प्रेम केलेला. मी सांगतो, हॉलिवूडच्या कुठल्याही खलनायकासाठी मला एवढं वाईट वाटलेलं नाही. दुसरा २०२५ चा 'लोका चॅप्टर वन : चंद्रा'. केरळातली कळ्ळियंकाट्टु नीलीची दंतकथा, माणसांना मारणारी यक्षी म्हणून घाबरवायला सांगतात ती. यांनी ती उलटी फिरवली, नीली म्हणजे देवळात पाऊल टाकलं म्हणून ज्यांच्या वस्तीवर राजाची माणसं तुटून पडली त्यातली एक मुलगी, आणि ती आज बंगळूरला येऊन राहते. ऑफिसातल्या मल्याळी लोकांबरोबर बघितला, त्यांच्या आज्या जी गोष्ट सांगायच्या ती वेगळ्या बाजूने बघताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. मला सारखं वाटत राहिलं की आपल्याकडे कोकणात एवढ्या गोष्टी आहेत, वेतोबा आहे, गावोगावचे राखणदार आहेत, रात्री गावाच्या वेशीवर फिरणारा देव म्हणजे सुपरहिरोच की. आपल्याकडे ते फक्त भुताच्या सिनेमात का येतात?

सावंतवाडीकरीण

@फिल्टरकापी, अगदी मनातलं बोललात. आरवलीच्या वेतोबाला आजही लोक चपला वाहतात, तो रात्री गावात फिरतो आणि चपला झिजतात म्हणून. मोठ्या मोठ्या चामड्याच्या चपला. हे ज्याने लहानपणी बघितलंय त्याला राखणदार म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. फक्त कोणी करायचं ठरवलं तर श्रद्धेला धक्का न लावता आणि नुसते स्पेशल इफेक्ट न दाखवता करावं.

उभा_पाऊस

मराठीत सुपरहिरोचा प्रयत्न झालेला आहे, २०१५ चा 'बाजी', निखिल महाजनचा, श्रेयस तळपदे. फार चालला नाही पण बघा. आणि माझ्या मते मराठीतला पहिला सुपरहिरो फास्टर फेणेच, कसलीच शक्ती नसलेला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि ट्टॉक. २०१७ च्या सिनेमात त्याला कॉलेजच्या वयाचा केला, अमेय वाघ, आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याची गोष्ट घेतली. मी घाबरत घाबरत गेलो होतो कारण पुस्तकातला फेणे शाळकरी पोरगा आहे. पण पटला! कारण वय बदललं तरी मुलाचा स्वभाव तोच ठेवला, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचं आणि ते सोडवेपर्यंत थांबायचं नाही. आणि भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांना दिलं, ती कल्पना तर फारच सुंदर.

मधल्या_रांगेतली

@उभा_पाऊस, हेच, हेच म्हणायचं होतं मला. फेणेचं वय सोडलं, स्वभाव ठेवला.

मराठीत सगळ्यात मोठं उदाहरण मला 'सिंहासन' वाटतं. १९७९, जब्बार पटेल. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', आणि तेंडुलकरांनी दोन्हींची मिळून एक पटकथा केली. दोन कादंबऱ्यांतली किती पात्रं, किती धागे, ते सगळं गाळत गाळत मुख्यमंत्री, विश्वासराव आणि मधे दिगू टिपणीस एवढ्यावर आणलं. निळू फुल्यांचा तो दिगू, सगळं बघणारा आणि काहीच करू न शकणारा. पुस्तकात लेखक आपल्याला आत नेतो, इथे दिगूच्या डोळ्यांतून आत जातो. 'ड्यून'मधल्या चानीबद्दल मी वर लिहिलं ते आणि हे एकच तंत्र आहे, लेखकाची नजर कोणातरी एका पात्राला द्यायची.

पाटी_पेन्सिल

आणि जिथे अशी नजर देता येत नाही तिथे अडचण होते. 'शाळा' बघा. मिलिंद बोकीलांची कादंबरी म्हणजे मुकुंदाचा आवाज. सुजय डहाकेचा सिनेमा मला आवडतो, ती मुलं खरी वाटतात, केतकी माटेगावकरची शिरोडकर तर डोळ्यासमोरून जात नाही. पण कादंबरीतली मजा मुकुंदा मनातल्या मनात जे बोलतो त्यात आहे, मास्तरांबद्दल, मुलींबद्दल, आणीबाणी म्हणजे नक्की काय ते अर्धवट कळल्यासारखं. सिनेमात घटना राहिल्या आणि तो बोलणारा मुलगा जरा मागे पडला. यात दिग्दर्शकाची चूक म्हणवत नाही, काही पुस्तकं भाषेतच राहतात.

ढालतलवार

+१. पण मग स्पायडर-मॅनचे 'स्पायडर-व्हर्स' हे ॲनिमेशन सिनेमे बघा, तिथे मनातला आवाज पडद्यावर चौकटीत लिहूनच दाखवतात, कॉमिकमध्ये असतो तसा. कॉमिकचे ठिपके, चौकटी, छपाईत रंग सरकतो तसा सरकलेला रंग, सगळं घेतलंय. २०२३ च्या दुसऱ्या भागात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन आणि त्याचं शहर मुंबत्तन आहे, पवित्र २००४ च्या भारतीय कॉमिकमधून आलेला. तो भाग भारतात दहा भाषांत येणार म्हणून जाहीर झालं होतं, त्यात मराठी पण होती! आमच्याकडे मराठी शो काही लागला नाही, हिंदीत बघावा लागला. मुंबईवरून बेतलेलं शहर आणि मराठीत ऐकता आलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

एडिसनची_आत्या

इकडे न्यूजर्सीत सिनेमाला मध्यंतर नसतं आणि आता सवय झाली. गेल्या सुट्टीत पुण्यात 'सुपरमॅन' बघितला तर लोइस आणि तो बोलत असताना की काय, मधेच वाक्य तुटल्यासारखं मध्यंतर. इंग्रजी सिनेमा मध्यंतर धरून बनवलेला नसतो, मग थेटरवाले अर्ध्यावर कुठेतरी कापतात. त्यात सेन्सॉरने चुंबनाचे ३३ सेकंद काढल्याचं वाचलं होतं, ते बघताना जाणवलंच. धागाकर्ती म्हणते आहे की काय सोडायचं ते ज्याला कळतं त्याचा सिनेमा जमतो, तर ते दिग्दर्शकाने सोडू दे ना, इतरांनी का?

मधल्या_रांगेतली

आत्या, शंभर टक्के. चुंबन कापून मुलांचं काय भलं होतं मला कळत नाही, तेवढ्याच वेळात शेकडो इमारती पडलेल्या चालतात.

मावळतीचा_घाट

एक विचारायचं राहिलं. आमच्या शाळेत सुट्टीआधी मुलांना एक सिनेमा दाखवतो, पाचवी ते सातवी. आधी पुस्तकातला उतारा वाचून मग सिनेमा, असं करायचं आहे. काय सुचवाल?

मधल्या_रांगेतली

सर, माझं मत फास्टर फेणे, पण सिनेमा पाचवीच्या मुलांना जरा अंधारा वाटेल, गिरीश कुलकर्णींचा अप्पा भीतीदायक आहे. सातवीला चालेल, पाचवीला पुस्तकच द्या. लहान मुलांसाठी 'द वाइल्ड रोबॉट' बघा, २०२४ चा, पीटर ब्राऊनच्या पुस्तकावरचा. बेटावर येऊन पडलेली यंत्रबाई एका हंसाच्या पिल्लाला वाढवते. पुस्तकातली प्रकरणं अगदी दोन-तीन पानांची आहेत, तुम्ही वर्गात तोंडी मराठीत सांगू शकाल. पिल्लाला उडायला शिकवण्यापर्यंतचा भाग सांगा आणि तिथेच थांबून सिनेमा लावा. पुढे काय होतं ते मुलांना पडद्यावर बघू दे, आणि नंतर सिनेमात कोल्ह्याला केवढी जागा दिलीय ते पुस्तकाशी ताडून बघायला सांगा. मुलं काय म्हणाली ते इथे नक्की लिहा.